मूत्रपिंडातील लहान गाठ : थांबावे, तपासावे की काढावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



पोटदुखीसाठी सोनोग्राफी करावी आणि अहवालात मूत्रपिंडावर दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ निघावी, असे प्रसंग आता अनेक घरांत येतात. रुग्णाला कसलाही त्रास नसतो. पण कर्करोगाची शंका निघताच घर हादरते. एक जण म्हणतो, “उद्याच काढून टाका.” दुसरा म्हणतो, “सुई लावू नका, पसरेल.” दोन्ही सल्ले भीतीपोटी दिलेले असतात.

पुढे ज्यांनी सेवाग्रामला आपले घर मानले, त्या गांधीजींवर १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. ते तेव्हा येरवड्याचे बंदिवान होते. दुखणे तातडीचे होते. तरीही त्यांनी लेखी संमती दिल्यावरच शस्त्रक्रिया झाली. तेथे हाती काही तास होते. मूत्रपिंडाच्या लहान गाठीत बहुधा काही आठवडे असतात. त्या वेळेचा सदुपयोग करावा, हेच आज मला सांगावयाचे आहे.

चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला लहान म्हणतात. प्रथम सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून ती पाण्याची साधी पुटी आहे की घन गाठ, हे ठरवावे. साध्या पुटीला सहसा उपचार लागत नाही. घन लहान गाठींपैकीही सुमारे पाचातील एक निरुपद्रवी निघते. उरलेल्यांतील पुष्कळशा वर्षाला सरासरी दोन-तीन मिलिमीटर इतक्या संथ गतीने वाढतात.

म्हणूनच वृद्ध, हृदयविकाराच्या किंवा अन्य गंभीर व्याधीच्या रुग्णासाठी देखरेख हा मान्य उपचारमार्ग आहे. आरंभी तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला तपासणी करावयाची. गाठ वेगाने वाढली तर निर्णय बदलावयाचा. मात्र देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. कापसाचा हंगाम आहे, घरात लग्न आहे म्हणून तारीख चुकली, तर त्या मार्गाचा आधारच नाहीसा होतो.

बायोप्सीत सुईने गाठीचा सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. त्यामुळे रोग पसरण्याचे प्रकार अत्यंत विरळ आहेत. परंतु काही वेळा तुकडा अपुरा पडतो आणि निदान होत नाही. अहवाल काहीही आला तरी निर्णय तोच राहणार असेल, तर बायोप्सीचा उपयोग थोडाच. निर्णय तिच्यावर अवलंबून असेल, तेथे ती रुग्णाची अनावश्यक शस्त्रक्रिया टाळू शकते.

रुग्ण तरुण व सशक्त असेल किंवा गाठ वाढत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार प्रथम व्हावा. शक्य तेथे केवळ गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवावे. मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंडाला आधीच झिजवतात; अशा रुग्णाला ही बचत पुढे फार उपयोगी पडते. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान काही गाठी सुईद्वारे उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने नष्ट करता येतात. त्यापूर्वी बायोप्सी करून घेणे इष्ट.

सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे तज्ज्ञांचा सल्ला आपल्या जिल्ह्याच्या आवाक्यात आहे. तेथे जाताना सर्व जुन्या फिल्म्स आणि क्रिएटिनिनचे अहवाल सोबत न्यावेत. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : थांबल्यास काय धोका? बायोप्सीने निर्णय बदलेल काय? मूत्रपिंड वाचवता येईल काय?

एक विनंती मुलामुलींना. आई-वडिलांपासून अहवाल लपवून परस्पर निर्णय घेऊ नका. देह त्यांचा आहे. उरलेली वर्षे कशी जगावयाची, हे ठरविण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच आहे. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा आणि त्यांचे म्हणणे शांतपणे ऐका.