पंखे बंद, दार उघडं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या त्या विमानांबद्दल दहा मिनिटं बोल." आमच्या हिशेबानं दहा मिनिटं म्हणजे फारच झाली. आमचं हातानं फेकायचं ग्लायडर हवेत चार-पाच सेकंद राहतं आणि रबराच्या पिळावर उडणारं विमान वीस-पंचवीस सेकंद. तेव्हा वेळ मिळालाच आहे तर तो पुरता वापरतो आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही मागतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गेली नऊ वर्षं आपल्या नगरमध्ये, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये, दर शनिवारी दुपारी चार ते सहा मुलांचा मॉडेल विमानांचा क्लब भरतो. दहा ते सोळा वयाची वीस-बावीस मुलं येतात. रिमोटची विमानं आम्ही ठेवलेली नाहीत. 2021 च्या ड्रोन नियमांत तीही येतात आणि आपलं शहर लष्कराचं. इथलं आकाश रिकामं दिसलं तरी ते मोकळं असेलच असं नाही. म्हणून आमचं सगळं उड्डाण छताखाली.

चर्चचा आणि विमानाचा काय संबंध, असं मला नेहमी विचारतात. संबंध जुना आहे. 1878 साली अमेरिकेत मिल्टन राइट नावाच्या बिशपांनी प्रवासाहून येताना आपल्या मुलांसाठी एक खेळणं आणलं. बूच, बांबू आणि कागद यांचं, रबराच्या पिळावर वर उडणारं. तेव्हा विल्बर अकरा वर्षांचा होता, ऑर्व्हिल सात. खेळणं मोडलं. पोरांनी तसंच दुसरं बनवलं, मग मोठं बनवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की जितकं मोठं करावं तितकं ते कमी उडतं! बिशपसाहेबांच्या घरात अशा उचापतींना मोकळीक होती.

त्या खेळण्यामागची कल्पना फ्रान्समधल्या आल्फोन्स पेनो यांची. त्यांनी 1871 साली पॅरिसच्या एका बागेत रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं. राइट बंधूंचं माणसासह पहिलं उड्डाण झालं 17 डिसेंबर 1903 रोजी. ते 12 सेकंदांचं, सुमारे 37 मीटर. हे आकडे मी फळ्यावर लिहिले की दर वर्षी कुणी ना कुणी ओरडतं, "म्हणजे खेळण्यातलं जास्त लांब गेलं!" त्या क्षणानंतर मुलं हातातल्या फोमच्या तुकड्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

आता आम्ही करतो काय ते सांगतो. पहिल्या शनिवारी मुलाला मिळतो फोमचा पातळ पत्रा, बांबूची एक काडी, थोडी क्ले आणि चिकटपट्टी. खर्च तीस रुपयांच्या आत. पंखांची टोकं थोडी वर उचलायची, म्हणजे विमान कलंडलं तरी स्वतःच सावरतं. नाकाला क्ले लावायची आणि दोन बोटांवर विमान तोलून बघायचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-तृतीयांश अंतरावर ते तोललं गेलं पाहिजे. मग हॉलचे पंखे बंद करायचे. मे महिन्यातही. दहा ग्रॅमच्या विमानाला छताच्या पंख्याचा वारा म्हणजे वादळच. घाम पुसत पुसत पोरं फेकत असतात, पण पंखा लावा असं एकानंही अजून म्हटलेलं नाही.

विमान वर चढून थबकलं आणि खाली पडलं, तर नाक हलकं आहे, क्ले वाढवा. सरळ नाकावर आपटलं, तर क्ले कमी करा, किंवा शेपटीची मागची कड केसभर वर वळवा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, एवढाच क्लबचा अभ्यास. बाई, आपल्या प्रयोगशाळेतला तराजू काचेच्या पेटीत असायचा आणि तुम्ही तो आम्हाला स्वतः हाताळू द्यायचात. आमच्याकडे सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आहे. तो मुलांच्याच ताब्यात असतो.

आठवीतल्या एका मुलीचं विमान सारखं डावीकडे वळत होतं. तिनं क्ले बदलली, शेपटी बदलली, अकरा वेळा फेकलं. बाराव्यांदा फेकण्याआधी तिनं विमान डोळ्यांसमोर आडवं धरलं आणि म्हणाली, "सर, हा पंख पिळलाय." मला ते दुसऱ्या फेकीलाच दिसलं होतं. पण तेव्हा मी बोललो असतो, तर पंख मी शोधला असता आणि विमान तिनं नुसतं फेकलं असतं. ओठ मिटून बसणं, हेच तिथं मोठ्या माणसाचं मुख्य काम आहे आणि ते सर्वांत अवघड आहे.

आता जरा नाजूक विषय. क्लब सुरू झाल्यावर दोन बाजूंनी दोन प्रश्न आले. आमच्या मंडळीच्या कमिटीत एका ज्येष्ठांनी विचारलं, "बावीसपैकी आपली मुलं सातच. मग विजेचं बिल मंडळीनं का भरायचं?" त्याच महिन्यात एका मुलाचे वडील दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. इथं पोरांना प्रार्थनेला बसवणार का?"

मला दोघांचाही राग आला नाही. दोघंही आपापल्या माणसांची काळजी करत होते. वडिलांना मी म्हटलं, "आत येऊन बसा." ते तीन शनिवार बसले. चौथ्या शनिवारी बांबूच्या काड्या तासत होते. त्यांचं दुकान आहे, संध्याकाळ धंद्याची असते, तरी आजही अर्धा तास येऊन जातात. कमिटीत पाळकसाहेब एवढंच म्हणाले की, हॉल बांधला तेव्हा तो कुणाकुणासाठी उघडायचा हे आपण ठरवलं नव्हतं, आज ठरवूया. चर्चा बरीच झाली, मतं पडली आणि एका वर्षाची परवानगी मिळाली. तेव्हापासून दर डिसेंबरात ती नव्यानं मागावी लागते. मला ते योग्यच वाटतं. विश्वास एकदाच घेऊन कपाटात ठेवायची गोष्ट नाही.

नियम दारावर मराठीत लावले आहेत. क्लबच्या वेळेत हॉलचं दार उघडं राहील. कुणाचेही पालक कधीही आत येऊन बसू शकतात. धर्माचं शिक्षण दिलं जाणार नाही. आडनाव विचारलं जाणार नाही. हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं असतील. एकच असेल, तर त्या दिवशी क्लब भरणार नाही.

हा शेवटचा नियम आता अडचणीचा झाला आहे. माझ्या जोडीला इतकी वर्षं असलेले निवृत्त काका दिवाळीनंतर मुलीकडे पुण्याला राहायला जात आहेत. म्हणजे डिसेंबरात परवानगी मागायला मी एकटा उभा राहीन आणि नियमाप्रमाणे एकट्याला दार उघडता येणार नाही. नियम सैल करा असं मला काही जणांनी सुचवलं. मी तयार नाही. अनोळखी घरांतल्या आयांनी आपली मुलं आमच्याकडे सोडली, ती त्या नियमाच्या भरवशावर.

तर माझं मागणं असं आहे. या सभागृहात आपल्या वर्गातली निदान आठ जणं नगरमध्ये राहणारी दिसतात. मला प्रत्येकाचा महिन्यातला एक शनिवार हवा आहे. चार जणं मिळाली तरी महिना भरला. विमानाची माहिती नको, विज्ञान यायला नको. दहावीला भूमितीत काठावर पास झालेलेही चालतील. आपल्यात ते कोण, हे सरांना अजून आठवत असेल! हवं ते एवढंच : चारला पाच मिनिटं कमी असताना येणं, सहापर्यंत थांबणं आणि पोराचं विमान वाकडं गेलं तरी गप्प बसणं. तिसरी गोष्ट जमायला वेळ लागतो. शिकवीन मी.

जेवणाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलापाशी वही घेऊन उभा आहे. नाव लिहा आणि नावापुढे शनिवार लिहा, पहिला, दुसरा, तिसरा की चौथा.