शिंदळ माकुडी : कड्यावरची एक दुर्मिळ वनस्पति

नांदेड-लातूरकडील माणसाला कोरड्या माळाचें वर्णन करून सांगावयास नको. चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन, अशा भूमींत टिकण्यासाठीं प्रत्येक वनस्पतीला कांहीं ना कांहीं युक्ति योजावी लागते. रुईच्या कुळांतील माकडशिंगानें पानांचा संसारच सोडून दिला. त्याचा हिरवा, मांसल दांडाच पानांचें काम करतो. याच माकडशिंगाची एक बहीण मात्र निराळ्या वाटेनें गेली. तिचें नांव शिंदळ माकुडी. ती मराठवाड्यापासून दूर, जुन्नरच्या शिवनेरीसारख्या सह्याद्रीकडील मोजक्या कड्यांवर राहते; महाराष्ट्राबाहेर ती जगांत कोठेंहि आपण होऊन उगवत नाहीं.

मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डॅल्झेल यांनीं १८६४-६५ च्या सुमारास तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें. पाऊस पडला कीं खडकाच्या भेगेंतून लोंबणाऱ्या तिच्या जाड दांड्यांवर लांबट, मांसल पानें येतात. कोरडे दिवस आले कीं तीं गळून जातात आणि उरलेला दांडा उन्हाळा काढतो. तिच्या आप्तांनीं पानें कायमचीं टाकलीं. तिनें तीं हंगामापुरतीं राखलीं. म्हणूनच या गटाचा पूर्वेतिहास शोधणाऱ्यांना तिचें इतकें मोल वाटतें. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत तिला पांच पाकळ्यांचीं, ताऱ्यासारखीं फुलें येतात. रंग गडद तांबडा, त्यावर पिवळ्या खुणा व कडेला बारीक केस. पुढें जोडशेंगा धरतात, आणि रुईप्रमाणेंच रेशमी झुपका घेतलेलें बीं वाऱ्यावर निघतें. तें मातीच्या भेगेंत पडलें तरच जगतें. नुसत्या खडकावर पडलेलें वायां जातें.

१९७८ च्या आंतरराष्ट्रीय लाल पुस्तकांत तिची नोंद झाली. येथें एक विसंगति दिसेल. दांड्याचा तुकडा लावला तरी तिला मुळें फुटतात, आणि परदेशांतले शौकीन तिला कुंड्यांतून वाढवितात. मग भीति कसली? परंतु एकाच वेलाचे शंभर तुकडे म्हणजे शंभर वेल नव्हेत. त्यांचें आनुवंशिक धन एकाचेंच राहतें. निरनिराळ्या कड्यांवर बियांपासून वाढलेलीं झाडें एकमेकांपासून थोडीं भिन्न असतात, आणि ती भिन्नताच रोग किंवा अवर्षण यांतून जात तारून नेते. कुंडी ती साठवूं शकत नाहीं. शेळ्या, वणवे आणि उपटून नेणारे हात यांपासून कडा राखला, तरच ती राहील.

महसुली दप्तरांत खडकाळ जमिनीला ‘पोटखराब’ म्हणतात. पिकाच्या हिशेबानें तें खरेंहि असेल. पण बालाघाटाच्या माळावर काय, कीं शिवनेरीच्या कपारींत काय, त्या खराब्यांत कोण नांदतें हें पाहिल्यावांचून तिला निरुपयोगी ठरविणें घाईचें होईल.