जरा ट्यूब बंद करता का?



दिवाळी तोंडावर आली आहे. भाजणीचा वास सुटलाय, माळ्यावरचा आकाशकंदील खाली उतरलाय आणि आता वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत घरोघरी एकच हाक ऐकू येणार, 'थांबा, एक फोटो काढू!' आज त्याच फोटोंबद्दल बोलायचं आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न बाजूला ठेवू. बहुतेकांकडे फोन असतो आणि तो पुरतो. पणतीच्या, निरांजनाच्या, कंदिलाच्या उजेडात घरची माणसं कशी टिपावीत, एवढंच सांगते.

दिवसाउजेडी फोटो चोरून काढता येतो. माणूस पेपर वाचत असतो, आपण बटण दाबून मोकळे होतो, त्याला पत्ताही नसतो. पणतीच्या उजेडात ही चोरी जमत नाही. भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश मोजला, तर तो एक लाख लक्सच्या घरात जातो. एका मेणबत्तीचा प्रकाश एक मीटरवर जेमतेम एक लक्स भरतो. उन्हात शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तरी भागतं. इथे ते बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात आपला हात हलला किंवा समोरच्याने मान वळवली, की चेहरा पुसट झालाच. म्हणून ज्याचा फोटो काढायचा, त्यालाच आधी कामाला लावायचं. कमी उजेडातली फोटोग्राफी मी शिकले ती अशी, घरच्यांना कामं सांगत आणि त्यांची बोलणी खात.

पहिलं काम असतं ट्यूब बंद करण्याचं, आणि खरा वाद तिथेच होतो. 'सणासुदीला घरात अंधार कशाला?' हा आईचा दरवर्षीचा प्रश्न. तिचं म्हणणं चूक नाही. पण ट्यूब चालू असली की पणती नुसती शोभेला उरते. चेहऱ्यावर तिचा उजेड पडतच नाही. फ्लॅश मारला तर तोच परिणाम, शिवाय मागची भिंत पांढरीफटक. दोन मिनिटांपुरती ट्यूब बंद करायची, एवढ्यावर आमच्याकडे समझोता झाला आहे. भाचा बटणाशी उभा राहतो आणि 'आजी, करू का बंद?' असं विचारून तिची परवानगी घेतो.

दुसरं काम म्हणजे दिवा जवळ घेणं. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. दोन हातांवरची पणती एका हातावर आणली, तर महागडी लेन्स लावून जे साधायचं त्यातलं बरंचसं फुकटात साधतं. मात्र पणती जमिनीवरच ठेवली तर उजेड खालून येतो. हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, डोळे काळोखात जातात आणि आपली प्रेमळ मावशी भुताच्या सिनेमातली वाटू लागते. तेव्हा पणत्यांचं ताट छातीच्या उंचीला, जरा बाजूला धरायला सांगा. एकापेक्षा पाच पणत्या बऱ्या, कारण उजेड पसरतो आणि सावल्या मऊ होतात. मांडीवर पांढरा पंचा अंथरला तर तोही थोडा उजेड वर परतवतो. आणि आईची सूचना मीही पुढे करते: केस बांधून घ्या, पदर खोचून घ्या.

या सगळ्याचा धडा पाहायचा असेल तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं चित्र आठवा. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. 1945-46च्या सुमारास त्यांनी रंगवलेलं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. साडी नेसलेली एक तरुणी दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताने तिने त्याला आडोसा केला आहे. ज्योत तळहाताआड आहे. दिसतात ती बोटांच्या फटींतून लालसर झालेली कड आणि उजळलेला चेहरा. दिवा धरून उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. फोटो काढणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे, की ज्योत झाकली तरी चालते, तिचा उजेड कुठे पडतो ते बघायचं. कॅमेऱ्यासमोर उघडी ज्योत पांढरा ठिपका होऊन बसते आणि नजर तिथेच अडकते.

आता फोनकडे वळू. अंधार दिसला की कॅमेरा बिचकतो आणि सगळं उजळायला जातो. रात्रीची राखाडी संध्याकाळ होते. त्यावर उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, बहुतेक फोनमध्ये छोटं सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. काळं ते काळं राहू द्या. पणतीचा पिवळा रंगही फोन आपण होऊन पांढरट करतो. सोय असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता तीन हजार केल्विनच्या आसपास ठेवा. विजेच्या माळांचा फोटो किंवा व्हिडिओ घेताना पट्टे उमटत असतील, तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची आहे, दिवे त्या तालात लुकलुकतात. शटर त्या तालाशी जुळलं की पट्टे जातात.

नाईट मोडमध्ये फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम्स घेतो आणि त्यांचा मिळून एक फोटो करतो. त्या दोन-तीन सेकंदांत कोणी हलायचं नाही. आमच्याकडे यात आईचा हात कोणी धरू शकत नाही. तिच्या लहानपणी फोटो स्टुडिओत जाऊन काढायचा असे, 'हलू नका' म्हटलं की श्वाससुद्धा रोखायचा. ती सवय तिच्या अंगात अजून आहे. भाच्याच्या अंगात ती येणं कठीण, म्हणून त्याच्या हातात फुलबाजी देते. उजेड भरपूर मिळतो, शटर वेगात ठेवता येतं. अर्थात पायात चपला, अंगात सुती कपडे आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

भारी सामान घेतलं तरी समोरच्याची साथ लागतेच. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने 1975च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटातले काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, ते नासासाठी बनलेल्या झाईसच्या एफ 0.7 लेन्सने. इतकी उघडी लेन्स असली की फोकस अगदी अरुंद पट्ट्यात राहतो. नटांना पुढे-मागे झुकायचीसुद्धा मोकळीक नव्हती.

आकाशकंदिलाला मात्र वेळ गाठावी लागते. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत आभाळ गडद निळं असतं आणि कंदिलाच्या उजेडाशी त्याचा मेळ बसतो. दिवाळीच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नागपूरकरांनी त्याहून जवळजवळ अर्धा तास आधी गच्ची गाठावी. लक्ष्मीपूजन आटोपून बाहेर पडाल, तर अमावस्येचं काळं आभाळ मिळेल.

तेव्हा यंदा फोटोच्या आधी कामं वाटून घ्या. एकाने बटणाशी उभं राहायचं, एकाने ताट धरायचं, फोन आळीपाळीने सगळ्यांच्या हातात द्यायचा. फराळाची ताटं तेवढी फोटो झाल्यावर आणा. चकली हातात पडली की आमची आईसुद्धा स्थिर बसत नाही.