पद सुटते, निकालपत्र राहते



आजच्या विषयासाठी मी प्रथम सरन्यायाधीश कोका सुब्बा राव यांचे स्मरण करतो. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांच्या पीठाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही, असे सहा विरुद्ध पाच मतांनी ठरले. पुढे दीड महिन्याच्या आतच त्यांनी पदत्याग केला आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. डॉ. झाकीर हुसेन यांनी त्यांचा पराभव केला, ही बाब गौण आहे. त्यांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु निकाल लिहिताना मनात काय होते, हे विचारण्याची सोय त्यांनी आपल्याच हाताने टीकाकारांना करून दिली.

१९८३ साली न्या. बहारुल इस्लाम सर्वोच्च न्यायालयातून थेट काँग्रेसच्या उमेदवारीकडे गेले. २०२४ साली न्या. अभिजित गंगोपाध्याय यांनी कोलकाता उच्च न्यायालय सोडले आणि दोन दिवसांत ते भारतीय जनता पक्षात आले. पहिल्यांना दूषणे द्यायची आणि दुसऱ्यांना हार घालायचे, हा आपपरभाव आपल्याला शोभत नाही. (काहींना हे रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.)

अधिकाऱ्याने राजकारण वर्ज्यच मानावे, असेही नाही. चिंतामणराव देशमुख १९४९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावरून दूर झाले, १९५० मध्ये अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाब्यातून निवडून आले. आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर तेच मंत्रिपद त्यांनी सोडले! खुर्चीसाठी आलेला माणूस असे करीत नाही.

मात्र सर्वांच्या ठायी चिंतामणराव गृहीत धरून व्यवस्था उभारता येत नाही. घटनेच्या १४८व्या कलमानुसार महालेखापरीक्षकाला पुढे कोणतेही शासकीय पद घेता येत नाही. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी कंपनीत जायचे तर परवानगी लागते. निवडणुकीला मात्र एका दिवसाचेही बंधन नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न विधिमंडळाचा आहे, असे सांगून त्यात पडण्याचे नाकारले.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर पक्षांनी अशा इच्छुकांना दोन वर्षे थांबायला सांगावे. आणि प्रचारपत्रके वाटण्यासाठी तुमच्या हाती येतील, तेव्हा उमेदवार कालपर्यंत कोणत्या खुर्चीवर होता, हे बैठकीत उभे राहून विचारा.