खोबरेलाचा साबण आणि मचूळ पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्याख्यान देणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण आपल्या खाडीकाठच्या घरांतून एक वाक्य वारंवार कानी पडते, 'सून साबण फार उडवते.' त्या सुनांच्या वतीने आज चार शब्द बोलते.

उन्हाळ्यात खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. साबणाच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एक पाण्याला धरते, दुसरे तेलकट मळाला. मळ धरून पाण्याबरोबर वाहून नेणे, हेच साबणाचे काम. पाण्यात चुन्याचे क्षार असले की साबण त्यांच्यातच अडकतो व त्याचा पांढरा साका होतो. मिठामुळेही तो नीट विरघळत नाही. वडी झिजते, पण फेस येत नाही.

येथे आपले खोबरेल कामी येते. त्यात सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा साबण चटकन विरघळतो, म्हणून खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. गलबतांवर समुद्राच्या पाण्यात वापरायचा साबण खोबरेलाचाच करीत. चुन्याचा साका मात्र त्याचाही होतो.

शांपूत, दंतमंजनात व कारखान्यांतील धुण्याच्या द्रावणांत सोडियम लॉरिल सल्फेट असते. तेही खोबरेलापासून किंवा तेलताडाच्या बियांच्या तेलापासून करतात. त्याचा असा साका होत नाही. पण बाटलीवर नारळाचे चित्र आहे म्हणून ते सौम्य समजू नका. हात फार वेळ त्यात राहिले तर कातडी कोरडी पडते, भेगाही पडतात. चित्र पाहण्यापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत.

भाट्याला १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. माड आपल्या दारी आहेत, तेव्हा साबण घरी का करू नये? एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरा लागतो. अंगाच्या साबणाला १५० ग्रॅमच घ्यावा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहून कातडी ओढत नाही. सोडा पाण्यात हळूहळू घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, सोडा ते खातो. स्टीलचे घ्यावे. हातमोजे व चष्मा घालावा आणि मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये. वड्या महिनाभर सुकू द्याव्यात.

आता सासूबाईंना एक विनंती. एका बाटलीत पागोळ्यांचे पाणी घ्या, दुसरीत विहिरीचे. दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. फेस कोठे येतो ते डोळ्यांनी पाहा आणि मगच सुनेला बोल लावा!