नाव कोणाच्या नावे?

(सुरत येथील महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने आज गोव्यापासून इतक्या दूर, तापीच्या काठी, आपण सारे एकत्र जमलो आहोत. अशा प्रसंगी नाममाहात्म्यावर एखाद्या विद्वानाने बोलावे हे उचित. मी विद्वान नव्हे. सारी उमेद कापडाच्या पेढीवर किर्द-खतावणी लिहिण्यात घालविलेला, साठी ओलांडलेला एक निवृत्त कारकून आहे. म्हणून मीही नामाविषयीच बोलणार असलो, तरी ते वहीत लिहिलेल्या नामाविषयी.

आपल्या जमाखर्चात एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. आलेली रक्कम ती 'जमा', आणि ज्याच्याकडून येणे निघते त्याच्या 'नावे' लिहिलेली ती दुसरी बाजू. एखाद्याच्या नावे काही लिहिले की त्याच्या डोक्यावर देणे उभे राहिले. म्हणूनच पेढीवरील वडीलधाऱ्या मुनीमजींनी मला पहिला धडा दिला तो हा, की हाती कागद असल्याविना कोणाच्याही नावे एक पैसुद्धा लिहावयाची नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझ्याच नावे, मला न विचारता, कोणीतरी लिहिले. ती हकीकत आधी सांगतो.

एके दिवशी पोलिसांकडून विचारणा आली. साड्या विकणारे अमुक संकेतस्थळ आपलेच ना? जळगावच्या एका भगिनीने तेथे 1,850 रुपये भरले होते. साडी आलीच नाही. तपासात त्या संकेतस्थळाच्या नावाची नोंद कोणाची आहे हे पाहिले, तेव्हा ती माझी निघाली. समोर ठेवलेला कागद मी चष्मा लावून वाचला. नाव माझे, वडिलांचे नाव बरोबर, पत्ताही माझाच. परंतु तो मी पूर्वीच सोडलेल्या घराचा. शिवाय माझ्या आडनावातील एक अक्षर चुकलेले होते. ही चूक मी ओळखली. माझ्या जुन्या ओळखपत्रावर हीच चूक होती आणि ती मी पुढे दुरुस्त करून घेतली होती. म्हणजे दुरुस्तीपूर्वी मी ज्या ज्या ठिकाणी त्या ओळखपत्राची झेरॉक्स दिली, त्यांतल्याच एका ठिकाणाहून ती बाहेर गेली असली पाहिजे. एका दुकानावर माझा संशय आहे, पण त्याचे नाव मी घेत नाही. संशय म्हणजे पुरावा नव्हे.

माझा जबाब नोंदवून मला घरी पाठविण्यात आले. पुढे त्या भगिनीशी मी स्वतः दूरध्वनीवर बोललो. त्या म्हणाल्या, "काका, पानाच्या खाली तुमचं नाव वाचलं आणि वाटलं, आपलाच मराठी माणूस आहे, फसवणार नाही." मंडळी, पोलिसांच्या कागदापेक्षा हे वाक्य मला जड गेले. चोराने माझ्या घरातून काहीच नेले नव्हते. चाळीस वर्षे नीट जपलेले नाव मात्र त्याने गळाला लावले होते, आणि त्या गळाला एक साधी बाई लागली होती.

हे घडते कसे, ते मी माझ्या परीने समजून घेतले. संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. माणसांच्या सोयीसाठी त्या आकड्यांवर नावाची पाटी लावतात. ते डोमेन नाव. 'डॉट कॉम' वर्गातील पहिले नाव 15 मार्च 1985 रोजी नोंदले गेले, आणि 1995 पर्यंत या नोंदणीस शुल्कही नव्हते. 1998 पासून या जागतिक व्यवस्थेची देखरेख 'आयकॅन' ही संस्था करते. आपल्या 'डॉट इन'ची वही 'निक्सी'कडे असते. या वहीतील नाव कायमचे विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या कराराने ते मिळते, मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर ते पुन्हा बाजारात येते. नियम एकच: जो प्रथम येईल त्याचे.

आपण गोमंतकीय आणि ही सुरत, म्हणून एक जुना दाखला आठवतो. सोळाव्या शतकापासून सुरतेच्या जहाजांनाही समुद्रावर पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना बाळगावा लागे. त्यात जहाज कोणते, नाखुदा कोण, शस्त्रे किती, जाणार कोठे, हे लिहिलेले असे. तो जुलमाचा कागद होता, यात शंका नाही. परंतु कार्ताझ लिहिणारा कारकून जेवढे प्रश्न विचारी, तेवढेही आज डोमेन नाव देणारे अनेक जण विचारीत नाहीत. शुल्क भरले आणि रकाने भरले, की काम झाले. रकान्यातील माणूस खरोखर तोच आहे काय, हे क्वचितच तपासले जाते.

कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. 1999 साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या प्रकरणात, एका अक्षराचा फरक करून घेतलेले 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली. 2004 साली 'सत्यम इन्फोवे'च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. व्यक्तीच्या नावाचा दाखला हवा असेल, तर अरुण जेटली यांचे नाव दुसऱ्यांनी अडवून ठेवले होते; 2011 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना देवविले. माझ्यासारख्याची ओळख चोरून वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास नोंदणी रद्दही करता येते. मी नोंदणी करणाऱ्या कंपनीस लेखी कळविले, आणि काही आठवड्यांनी ते पान बंद झाले. त्या भगिनीचे 1,850 रुपये मात्र परत आले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझे नाव गेले ते एका कारकुनाचे. परंतु श्रींच्या देवस्थानचे नाव कोणाच्या नावे आहे? या मेळाव्याच्या तयारीत मी तीन जबाबदार महाजनांना हा प्रश्न केला आणि मला तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. शोध घेता असे दिसते, की आपल्याच एका उत्साही तरुणाने, समितीचा ठराव होण्याची वाट न पाहता, पदरचे पैसे घालून ते स्वतःच्या नावे घेतले. हेतू शुद्ध होता. त्याचे आभारच मानले पाहिजेत. परंतु तो आता परदेशी असतो. उद्या त्याचा पत्ता बदलला, नूतनीकरणाची सूचना जुन्या ई-मेलवर गेली आणि मुदत टळली, तर ते नाव कोणीही उचलील आणि त्याखाली देणगीचा क्यूआर कोड लावील. केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाखाली उघडलेली बनावट संकेतस्थळे सरकारला वारंवार बंद करावी लागली आहेत. तेथे फसले ते भाविकच. देवाचे नाव तर साऱ्या भक्तांचे. त्यावर एकट्याचा हक्क शाबीत करणे अधिकच कठीण. म्हणून गेलेले नाव भांडून मागण्यापेक्षा, हाती असलेले राखणे शहाणपणाचे.

सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्यास, म्हाळसेला वेर्ण्याहून म्हार्दोळास नेले. देवळे पडली, जमिनी गेल्या. परंतु नाव त्यांनी जाऊ दिले नाही. आज देऊळ भक्कम आहे, समितीच्या हाती वही आहे, आणि नाव मात्र आपल्या बेसावधपणामुळे जाण्याचा संभव आहे. महाजनांच्या नामावलीत, जुनी मंडळी जिला 'कातालोग' म्हणतात तीत, एक नाव चढवायचे तर आपण वंशाचा पुरावा मागतो. मग साक्षात श्रींच्या नावाची नोंद पाहण्याचा कंटाळा का करावा?

माझ्या नम्र सूचना तीन. पहिली, समितीने रीतसर ठराव करून हे नाव त्या तरुणाकडून देवस्थानच्या नावे करून घ्यावे आणि त्याचा खर्च त्यास परत द्यावा. दुसरी, मुदतीची तारीख समितीच्या वहीत जत्रेच्या तारखेशेजारी लिहावी आणि दोन पदाधिकाऱ्यांवर तिची जबाबदारी टाकावी. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावे मिळतात. तेही नाव घेऊन ठेवावे. तिसरी सूचना घरोघरीची. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर कोणास, कशासाठी आणि कोणत्या तारखेस दिली ते लिहून सही करावी. आणि पैशाची फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता 1930 या क्रमांकावर त्वरित कळवावे.

आपण माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. ते ऋण माझ्या नावे खुशाल लिहावे. त्यास माझी संमती आहे. श्री आपणां सर्वांचे कल्याण करो, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.