रंगमंचावरील सहजता



आपल्या एकांकिकांत दुःखाचा प्रसंग आला की आवाज चढतो, हात छातीवर जातो. टाळ्या पडतात, पण प्रसंग खरा वाटत नाही. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभारणाऱ्यांपैकी एक, स्तानिस्लावस्की, यांची नटांना शिकवण अशी होती की, या परिस्थितीत मी असतो तर काय केले असते, हे आधी स्वतःला विचारावे.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) पाहा. शाळेजवळ डुकरे पकडताना जब्या वर्गमित्रांच्या नजरा चुकवतो. सोमनाथ अवघडे तेथे केवळ आडोसा शोधतो. कचरू झालेले किशोर कदम डुक्कर धरण्यात गुंतलेले. एक नवखा, एक मुरलेला, दोघेही कामात. लाज मात्र प्रेक्षकाला वाटते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तालमीत दोन गोष्टी करा. प्रत्येक प्रवेशात आपल्या पात्राला काय करायचे आहे, ते एका शब्दात लिहा : लपणे, अडवणे, मागणे. आणि समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकून मगच बोला.

आपल्या माणसांनी भोगलेले खरे आहे. ते रंगमंचावर खोटे वाटले, तर दोष आपल्या तालमीचा ठरेल.